शुभेच्छुकांची पट्टी

आमच्या पेठेच्या चौकात आज सकाळी तालमीचे दोन कार्यकर्ते शिडीवर चढून फ्लेक्स उतरवत होते. तालमीच्या फुटबॉल संघात यंदा गडहिंग्लजहून आघाडीचा नवा खेळाडू आला. विशीतल्या त्या मुलाने मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचा पुरुषभर उंचीचा फोटो येथे झळकला. खाली आम्हा अकरा शुभेच्छुकांचे फोटो होते; त्यात तिसरा माझा.

काल पहिल्याच सामन्यात त्याचा फटका खांबाला लागला आणि आम्ही हरलो. प्रेक्षकांतून कोणी ओरडले, "ए फ्लेक्सवाल्या, खाली उतर की लेका!" सारे हसले. मीही हसलो.

शुभेच्छेला अट नसते, असे मी वर्गात आयुष्यभर शिकवले. आमची शुभेच्छा मात्र एक सामनाही टिकली नाही. त्याच्याकडे आम्ही खेळ मागितलाच नव्हता. आमचे वर्षानुवर्षांचे पराभव त्याने एका दुपारी पुसून टाकावेत, एवढेच मागितले होते.

शिडीखाली तोच उभा होता. मला पाहून त्याने नमस्कार केला. "सर, ह्यो मी घेऊन जाऊ काय? आई रविवारी बघायला येणार हुती."

"जा घेऊन," मी म्हणालो.

कार्यकर्त्यांनी आधी खालची पट्टी नीट कापून गुंडाळून ठेवली. पुढच्या खेळाडूला शुभेच्छुक लागणारच होते. मग उरलेला फ्लेक्स त्यांनी त्याच्या हाती दिला. त्यावर आता तो एकटाच होता.