भुवयांतलं हो

आपाचं ‘हो’ भुवयांत होतं आणि ‘नाही’ नाकात. चहा घेणार का असं विचारलं की भुवया क्षणभर वर जायच्या. झालं, तो होकार. नको असेल तर नाक मुरडायची, समोर कुणी सुकटीचा डबा उघडल्यासारखं. पहिले दोन महिने मी तिला शिष्ट समजत होते. आपण विचारतोय काय आणि ही बाई नुसती बघतेय काय! तिला माझ्याबद्दल वेगळीच शंका होती. ‘हो’ म्हणून सांगितलं तरी ही पुन्हा पुन्हा तेच विचारते, म्हणजे हिला धड दिसत नसावं.

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. जवळच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिका. पासपोर्ट कॅनडाचा, पण कुणी कॅनडियन म्हटलं की नाक मुरडलंच म्हणून समजा. ती इनुइट होती. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, जिथे समुद्र वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेला असतो, तिथल्या एका लहानशा वस्तीतली. तिचं नाव घशातून काढावं लागायचं आणि माझ्याकडून त्याचं पार मातेरं व्हायचं. शेवटी एक दिवस मी ‘आपा’ म्हणून मोकळी झाले. म्हणजे थोरली बहीण, हेही सांगून टाकलं. तिला ते फार आवडलं. “आमच्याकडेही मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, नात्याने मारतात,” ती म्हणाली. “नाव कागदासाठी असतं.” आमचं बोलणं व्हायचं इंग्रजीत, पण मला ती आठवते माझ्याच भाषेत. म्हणून तसंच लिहिते.

ती कधी दार वाजवायची नाही. दार उघडायचं, आत यायचं, जमिनीवर बसायचं. माझा नवरा बनियनवर पेपर वाचत असायचा, तो दचकून आत पळायचा. मी एकदा हळूच म्हटलं, आपा, बेल आहे. ती म्हणाली, “आमच्या गावात दार फक्त पोलीस वाजवतात.” दापोलीकडे आमच्या वाडीतही दुपारी कुणी दार वाजवत नाही, मागच्या पडवीतून थेट चुलीपाशीच येतात. कुवेतमध्ये बारा वर्षं राहून ते मी विसरले होते. त्यानंतर तिच्यासाठी दाराची कडी काढून ठेवायला लागले, आणि नवरा घरातही शर्ट घालायला लागला.

येऊन ती बोलेलच असं नाही. अर्धा अर्धा तास गप्प बसायची आणि उठून जायची. आधी मला वाटायचं, रागावली की काय. नंतर कळलं, तिच्या हिशेबी भेट झालेली असायची.

मासे मात्र आमचं खरं नातं. मी खाडीकाठची, मासे बघत वाढलेली. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी फहाहीलच्या मासळी बाजारात जायचो. घरी आलं की ती जमिनीवर पुठ्ठा पसरायची आणि तिच्या आजीची सुरी काढायची. अर्धचंद्रासारखं पातं, वर मूठ. त्यांच्याकडे ती फक्त बायकांची. मी बॅगेतून आणलेली अम्माची विळी मांडायची. ती विळी बघून आपा पहिल्यांदा इतकी हसली की भुवया खाली यायलाच तयार नाहीत. ती फ्रीजरमध्ये गोठवलेला मासा पातळ तासून कच्चाच खायची. मी तळायला घेतला की माझ्या तव्याकडे दयेने बघायची.

तिला सीलच्या, त्या बर्फाळ समुद्रातल्या प्राण्याच्या, मटणाची सय यायची. मी म्हटलं, मारताना वाईट नाही वाटत? ती म्हणाली, “मारल्यावर आजी त्याच्या तोंडात गोडं पाणी घालायची. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून त्याला तहान लागलेली असते.” बकरी ईदला अब्बा बकऱ्याला आधी पाणी पाजायचे, ते आठवलं. आम्ही आधी पाजतो, हे लोक नंतर. तहान मात्र दोन्हीकडे कुणीतरी लक्षात ठेवलेली.

शाळेतली मुलं तिला विचारायची, मिस, तुम्ही बर्फाच्या घरात राहता? ती विचारायची, “तुझी आजी कशात राहायची?” एक कुवेती मुलगी म्हणाली, तंबूत. “माझी बर्फाच्या घरात. आता आपण दोघी एसीत,” आपा म्हणाली. तिच्या गावात आता कुत्र्यांच्या गाड्या कमी, बर्फावर धावणाऱ्या मोटारी जास्त. पोरं मोबाइलमध्ये मान घालून, आमच्यासारखीच. खैरानला जाताना वाळवंटातला तो उजाड रस्ता बघून माझा जीव गुदमरतो. ती खिडकीला नाक लावून बसायची. “झाडं नसली की कसं लांबवर दिसतं,” म्हणायची.

भुवयांचं गुपित तिने एकदाच सांगितलं. तिच्या आईला लहानपणी घरातून उचलून दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत नेलं होतं. आपली भाषा बोललं की छडी. “मग त्या मुली भुवयांनी बोलायच्या,” आपा म्हणाली. “मास्तरांना वाटायचं, वर्ग गप्प आहे.” माझी मुलगी झोया तिथेच होती. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी ही आमची पोरगी त्या दिवसापासून भुवयांनी हो म्हणायला लागली. चला, निदान इंग्रजी तरी कमी झालं, म्हणून मी समाधान मानलं.

आणि मग गावी अम्माला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझी रजा आधीच संपलेली. दहा दिवसांसाठी जाऊन आले आणि रडत परत कामावर. माझ्या भाईने तिला मुंब्र्याला स्वतःच्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. त्याचंही चुकत नव्हतं, डॉक्टर तिकडे. त्याने पलंगसुद्धा आणून ठेवला. गावचं घर बंद करायचं. अम्माला कुणीच विचारलं नाही, कारण तिला काही कळत नाही असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मीसुद्धा.

एका शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे शेजारची जुबेदाखाला फोन धरून. मी बोलत होते, “अम्मा, जेवलीस ना? जेवलीस. औषध घेतलंस? शहाणी माझी अम्मा. आता भाईकडे जायचं हां.” अम्मा नुसती बघत होती. खाला म्हणाली, “तिला काय कळत नाय गो आता.” मी फोन ठेवला तर आपा जमिनीवर बसलेली, कधी आली, पत्ता नाही.

“तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस,” ती म्हणाली. “ती कधी बोलणार?”

“तिला बोलता येत नाही, आपा.”

“तोंडाने,” आपा म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. तुझ्या भुवया तुझ्यापाशी ठेव, म्हटलं. माझी आई आहे ती, शाळेतला खेळ नाही. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, अर्थात दार न वाजवता, आणि माझ्या शेजारी बसली. रात्रभर तिचं ते ‘तोंडाने’ माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी फोन लावला.

“अम्मा, हो असेल तर भुवया वर कर. नको असेल तर नाक मुरड. तुला भाईकडे जायचंय का?”

काही नाही. मी तोंड उघडणार, तोच आपाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “सील श्वास घ्यायला बर्फातल्या ज्या भोकाशी येतो, तिथे माझा आजोबा तासन्‌तास उभा राहायचा,” ती पुटपुटली. “हलायचं नाही.” मी थांबले. जन्मात अम्मासाठी इतकी थांबले नसेन. आणि मग अम्माचं नाक मुरडलं. फक्त डावीकडून, पण मुरडलं.

“घरीच राहायचंय?”

दोन्ही भुवया वर गेल्या. खालाने “या अल्ला” म्हणत फोन पलंगावर टाकला आणि मला बराच वेळ छताचा पंखा दिसत राहिला. मी आपाच्या गळ्यात पडून रडले. ती तशीच बसून राहिली, पाठीवर हात ठेवून.

भाई आधी चिडला. “नाक मुरडलं म्हणून घर ठरवायचं काय?” मग स्वतः गावी गेला, स्वतः विचारलं, तीनदा विचारलं आणि तीनदा मुरडलेलं नाक बघून आला. तो पलंग टेम्पोत घालून त्याने दापोलीला पाठवला. दिवसभर खाला आणि दर रविवारी भाई, असं ठरलं. अम्मा आणखी सव्वा वर्ष आपल्या घरात, आपल्या खिडकीपाशी राहिली.

त्या सव्वा वर्षातच आपा कुवेत सोडून गेली. करार संपला, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द झाला. गावातल्या पोरांना भाषा येत नाही, आजीकडून मिळालेलं थोडंफार आपल्याजवळ आहे तोवर शिकवते, म्हणाली. लिफ्टपाशी मी विचारलं, “परत येशील?” तिने नाक मुरडलं. दुसरं कुणी असतं तर बघू, इन्शाल्ला, असं काहीतरी म्हणालं असतं. मला फार लागलं ते. पण खोटी आस लावून ती मला सोडून गेली नाही, हेही खरं.

गेल्या हिवाळ्यात अम्माच्या छातीत कफ भरला आणि मी मिळेल त्या विमानाने गेले. घरात आम्ही दोघीच असताना, वर्षानुवर्षं गिळलेला प्रश्न विचारला. “अम्मा, मी इतकी वर्षं तिकडे राहिले. तुला राग आहे माझा?” आणि थांबले. नाही गो, तुझं तरी काय चुकलं, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, ते गिळलं.

अम्माच्या भुवया वर गेल्या.

मी तिच्या उशाशी डोकं टेकून रडले. खरं होतं ते. आजवर ते कुणी मला सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, “मग जाऊ का मी परत?” तिने नाक मुरडलं आणि डाव्या हाताने माझी ओढणी मुठीत धरली. मी नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं आणि राहिले. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी सकाळी ती मूठ सुटली.

चाळिसावा झाल्यावर मी आपाला फोन लावला. तिच्या खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं, माझ्या मागे अम्माची खिडकी. मी सांगितलं, अम्मा गेली. तिने धीर दिला नाही, देवाची मर्जी वगैरेही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “तू जवळ होतीस?”

मी भुवया वर केल्या. तिनेही केल्या. मग आम्ही दोघी तशाच बसलो, कितीतरी वेळ, आणि फोन कुणीच ठेवला नाही.