चटका न बसणारा हात

भांडण दारात चाललं होतं आणि मी आत चुलीपुढं भाकरी थापत होते. भांडण माझ्याच हातावरून होतं, पण मला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"आमच्या सुनंला रोग हाय म्हणता?" सासूबाई कडाडल्या. "अहो, उकळत्या वरणाचं पातेलं नुसत्या हातानं उतरवती ती. सांडशी लागत न्हाई. लई पुण्याईचा हात हाय!"

"मावशी, तेच तर सांगून राहिलो. पुण्याई न्हाई ती. नस सुन्न झाली."

"नस? आधी तुमच्या डोक्यातली बघा जावा!"

दारातला माणूस म्हणजे आनंदराज. सरकारी दवाखान्याचा, जळकोटचा. सायकलवर मुखेडकडची गावं फिरायचा आणि लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचा. महारोगाचे चट्टे. गाव त्याला चट्टेवालाच म्हणायचं. तो आला की लोक दारं लोटून घ्यायचे, कारण तो ज्याच्या घरी गेला त्याच्याकडं शेजारी संशयानं बघायचे. म्हणून त्यानं रीतच ठेवली होती, एका घरी म्हणून जायचं नाही. गेला तर आख्खी आळी तपासायचा, पाटलाच्या घरापासून. कुणाचं काय निघालं ते त्याच्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

त्या दिवशीही आळी तपासतच तो आमच्या दारी आला होता, पण माझं त्यानं आधीच लग्नात बघितलं होतं. आदल्या दिवशी शेजारी लग्न होतं आणि मी रांधायला होते. चुलीतला निखारा बोटानंच मागं सारला. बायका म्हणाल्या, काय गं बाई हात! मला बरं वाटलं. चौथी शिकलेल्या बाईचं एरवी कोण कौतुक करतं? तेव्हा पंगतीत बसलेला हा एकटाच माणूस जेवण थांबवून माझ्या करंगळीकडं बघत होता म्हणे. करंगळी जराशी आत वळायला लागली होती. मला वाटलं होतं, जात्यानं झालं असेल.

सासूबाईंनी शेवटी मला बाहेर बोलावलं, ते त्याला खोटं पाडायला. त्याला आत ये म्हणाल्या नाहीत, हेही लिहिते, कारण खरं आहे. तो उंबऱ्याच्या बाहेर बसला आणि मी आत. खिशातून त्यानं कोंबडीचं पीस काढलं.

"वहिनी, डोळे मिटा. पीस लागंल तिथं बोट ठेवा."

डावा हात झाला. प्रत्येक वेळी बरोबर. मग उजवा. मी डोळे मिटून वाट बघत बसले, हा कधी सुरू करतो म्हणून.

"अगं, लागलं की!" सासूबाई ओरडल्या. "बोल की! ते बघ, परत लागलं!"

डोळे उघडले तर पीस माझ्या करंगळीवर होतं. त्यानं पाच वेळा फिरवलं होतं. कोपराखाली सुपारीएवढा फिकट चट्टा होता, तिथंही मला काही कळलं नव्हतं.

"हात जाईल का हो?" सासूबाईंनीच विचारलं.

"आज औषध सुरू केलं तर बहुतेक राहील. वाट बघत बसलात तर मला सांगता येणार न्हाई."

उजव्या हाताशिवाय बाईनं काय करायचं हो? भाकरी त्याच हाताची, खुरपं त्याच हाताचं, लेकराची वेणी त्याच हाताची. रात्रभर मी तो हात डाव्या हातात धरून बसले, कुणी तो घेऊन जाईल अशा भीतीनं.

गोळ्या सुरू झाल्या. नस सुजली होती म्हणून नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी आणखी वेगळ्या गोळ्या दिल्या. आनंदराज महिन्याला पाकीट घेऊन यायचा आणि पहिला डोस समोर गिळायला लावायचा. शेजारणींनी विचारलं तर सासूबाईच सांगायच्या, सुनेला रक्त कमी आहे. आणि तिसऱ्या महिन्यात कधीतरी त्यांनी त्याला आत बोलावून घरच्या कपात चहा दिला. दोघांनी तो फुर्र फुर्र करून पिला.

मी त्याला विचारलं, "भाऊजी, रोग कोपरातल्या नसंला झाला, मग बोटाला चटका का बसत न्हाई? बोट तर हाय तिथंच हाय."

"वहिनी, चटका बोटात नसतोच. बोटातून नुसती खबर निघती. ती डोक्यात पोचली की चटका होतो."

मग तो सांगत बसला. नसेत पेशी असतात. पेशी म्हणजे डोळ्याला न दिसणारी गोष्ट, पण करंगळीची खबर नेणारी पेशी मानेजवळ कण्याशी बसलेली असते आणि तिचा एकच धागा तिथून थेट करंगळीच्या टोकापर्यंत येतो. हातभर लांबीची एक पेशी! काही धाग्यांवर चरबीचं वेष्टण असतं, त्यामुळं खबर टप्प्याटप्प्यानं उड्या मारत पळते. ज्यांच्यावर नसतं त्यांची खबर रमतगमत येते. म्हणून ठेच लागली की आधी लागल्याचं कळतं आणि कळ मागून येते. ते मला पटलं. आयुष्यात ठेचा कमी लागल्या नव्हत्या.

"आणि हात झटकन मागं येतो ते?"

"ते डोक्याला न विचारता. कण्यातूनच हुकूम सुटतो. डोक्याला मागून कळतं."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या घरासारखंच. मालकाला मागून कळतं."

तो एवढा हसला की चहा सांडला. मग म्हणाला, दोन पेशी एकमेकीला चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. शेजारणी भिंतीवरून वाटी देतात तसा एका पेशीतून रस सुटतो, पलीकडची तो घेते आणि खबर पुढं नेते. आणि मिरची? मिरचीनं जीभ भाजत नाही. ती चटक्याच्या धाग्यालाच जाऊन हलवते, म्हणून डोक्याला वाटतं जीभ भाजली. एवढी वर्षं मी लोकांना ठेचा खाऊ घालून फसवत होते म्हणायचं.

"मग माझी नस परत येईल का?" मला तेवढंच हवं होतं.

"नुसती दबली असंल तर लवकर येईल. धागा तुटला असंल तर नवा वाढतो, पण दिवसाला खसखशीच्या दाण्याएवढा. सगळाच येईल असा शब्द देत न्हाई. तवर सांडशीशिवाय चुलीला हात लावायचा न्हाई."

झालं. त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी माझ्या कोपरावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज कुठवर आली?" जशी काही मुखेडची येष्टीच यायची होती. हाताला तेल त्या लावायच्या, वळलेली बोटं पाटावर सरळ करून त्या धरायच्या. सांडशी विसरले की माझ्या पाठीत धपाटा. पाठीची खबर चांगली पोचायची.

वर्ष सरलं. एका सकाळी घाई होती. पातेलं उतू जायला लागलं आणि मी सवयीनं उजवा हात घातला.

"आई गं! पोळलं!"

पातेलं आडवं, वरण चुलीत, धूर घरभर. सासूबाई धावत आल्या आणि सांडलेल्या वरणाकडं बघून तोंड उघडणार तोच थांबल्या. "काय म्हणलीस?"

"पोळलं! आत्या, पोळलं हो!"

मी रडत होते आणि त्या हसत होत्या. माझा हात पाण्यात बुडवून त्या आळीभर साखर वाटत सुटल्या. लोकांना वाटलं, नातू झाला. विचारलं तर म्हणायच्या, "सुनंला चटका बसला." गावानं त्या दिवशी आमच्याबद्दल काय ठरवलं असेल ते महादेवालाच ठाऊक.

आनंदराज आला तेव्हा त्यानं फोड बघितला आणि रागावला, सांडशी कुठं होती म्हणून. रागावता रागावता त्याचे डोळे भरले. करंगळीचं टोक अजून मुकं आहे, ते काही आलं नाही. बाकी सगळा हात मला परत मिळाला. त्याच हातानं हे लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

एकदा मी त्याला म्हटलं, लोक दारं लावतात, तरी तुम्ही हे काम का धरलं? मोठं काहीतरी सांगेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दुसरी नोकरी लागली न्हाई, वहिनी."

नोकरी संपल्यावरही वर्षातून एकदा हात बघायला यायचाच. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या तेराव्याला पंगतीत वाढायला होता. आता मी लातूरला असते. नात देविका डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीला जाते आणि मी तिच्यासाठी रांधते. ती पुस्तक मोठ्यानं वाचते. परवा म्हणाली, "आजी, ऐक ना, एक पेशी हातभर लांब असते!" मी म्हटलं, "मानेपासून करंगळीपर्यंत. पुढं वाच." ती बघतच राहिली. तिनंच हे लिहायला बसवलं, कारण आनंदराज ह्या फाल्गुनात गेला. झोपेत गेला, जळकोटला, आपल्या घरी. त्याची बायको महामाया हिनं मला फोन केला.

आदल्याच दिवशी तो लातूरला आला होता. तीन जिने चढून, पिशवी घेऊन. आल्या आल्या कोपरामागची नस चाचपली, माझ्या बोटांत कागद धरायला देऊन ओढून बघितला, कागद सुटला नाही तेव्हा मान हलवली. कातडी कोरडी पडली म्हणून बोलला. चहा घेतला. जेवून जा म्हटलं तर म्हणाला, औशाची बस निघेल. पिशवीत मऊ तळव्याच्या चपला होत्या. तिथल्या बसलिंगप्पा नावाच्या म्हाताऱ्याचे तळवे सुन्न आहेत, खडा रुतला तरी कळत नाही.

रात्री घरी येऊन त्यानं सांगितलेलं महामाया मला सांगत होती, औशाला पोचला, म्हाताऱ्याचे दोन्ही तळवे मांडीवर घेऊन उजेडात बघितले, पुसले, तेल लावलं, चपला घातल्या आणि अंगणात दहा पावलं चालायला लावलं. डावी सैल वाटली. पट्टा एक भोक आत घेऊन घट्ट केला, परत दहा पावलं चालवलं आणि मग बस धरली.