ताईच्या श्वासावर चाललेली गाडी

माझ्या दाजींनी माझ्या बहिणीला फसवलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात फसवलं आणि ती गेल्यावर पुन्हा एकदा फसवलं. पहिल्या फसवणुकीत ती स्वतः सामील होती, मीही होतो, त्यामुळे त्या फसवणुकीबद्दल बोलायचा मला अर्धाच अधिकार आहे. दुसरीबद्दल मात्र पूर्ण आहे, आणि तो मी वापरणार आहे.

ताईला जाऊन सात आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी गोदामात होतो. व्हर्जिनियात, ताईच्या अ‍ॅशबर्नपासून अर्ध्या तासावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी लागणाऱ्या ग्रॅनाइटचा माझा धंदा आहे. रविवारी गिऱ्हाईक जास्त. एका जोडप्याला ग्रॅनाइटच्या पाटीत एक बारीक रेघ दिसली होती आणि तो तडा नाही, दगडाची जातच तशी आहे, हे मी त्यांना पटवत होतो. फोन तीनदा वाजला, तीनदा कापला. सौदा जमत आला की मी फोन घेत नाही, ही माझी जुनी खोड. चौथ्यांदा घेतला तर हॉस्पिटलमधली बाई होती. तिने आधी माझं नाव नीट उच्चारायचा प्रयत्न केला, मग मी एकटा आहे का विचारलं, मग बसायला सांगितलं... तेवढ्यात मला कळलं होतं. दुपारचे बारा वाजायचे होते.

ताई म्हणजे सुनंदा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बार्शीला वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी लहानपणापासून भांडकुदळ, रोज कुणाशी तरी मारामारी करून यायचो. डोळ्यात माती गेलेली असायची, गुडघा फुटलेला असायचा. “बापू, डोळा उघडा ठेव, फुंकर घालते,” म्हणायची आणि घालताना स्वतःचे डोळे मिटून घ्यायची, जणू माती तिच्याच डोळ्यात गेली आहे. लग्न होऊन ती अमेरिकेत आली आणि पाच वर्षांनी मला बोलावून घेतलं. दोन वर्षं मी त्यांच्या घरात, तळघरातल्या खोलीत राहिलो. मी ओझं आहे असं दाजींनी कधी एका शब्दाने जाणवू दिलं नाही, हे मी नाकारत नाही. गाडी चालवायला मला ताईनेच शिकवलं, एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. बर्फावर गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा नाही, स्टीअरिंग शांतपणे घसरणीच्या दिशेने वळवायचं, हे तिने मला तीन वेळा मुद्दाम घसरवून शिकवलं. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तिच्यासारखी गाडी कुणी चालवत नव्हतं. हे वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवावं.

दाजी प्यायचे. आमच्याकडे त्याला ‘घेतात’ म्हणतात. घेतात, पण माणूस चांगला. घेतात, पण आवाज चढवत नाहीत. गेल्या वर्षी एका वाढदिवसाच्या जेवणाहून परत येताना पोलिसाने त्यांना थांबवलं. गाडी दोन्ही पट्ट्यांत फिरत होती. श्वासात ०.१३ निघालं. व्हर्जिनियात मर्यादा ०.०८ आहे, आणि ०.१५ निघालं असतं तर पहिल्याच गुन्ह्याला पाच दिवस तुरुंगात बसणं सक्तीचं होतं. दोन शतांशांनी वाचले. आमच्या मंडळींनी त्याबद्दल देवाचे आभार मानले.

वकील मी शोधला. या देशात मी दगड विकतो, पण माझा खरा धंदा घासाघीस. वकिलाने सांगितलं, लायसन्स वर्षभरासाठी जाणार, पण कोर्ट मर्यादित लायसन्स देऊ शकतं. दोन वाटा. पहिली म्हणजे ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळीच गाडी चालवायची, कामावर, डॉक्टरकडे, कोर्टाने लावलेल्या दारू सोडवायच्या क्लासला. दुसरी म्हणजे कुठेही, कधीही चालवा, पण गाडीत एक यंत्र बसवायचं आणि ते वर्षभर ठेवायचं. त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत, मग मध्येमध्ये, ते पुन्हा फुंकायला सांगतं. एका बंधनाच्या बदल्यात बाकीची सगळी माफ. मला तो सौदा स्वस्त वाटला. दाजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बापू, तुझ्यासारखा डील करणारा नाही.” मी खूश झालो. एवढं वय झालं तरी दाजींनी पाठ थोपटली की बरं वाटायचं.

ताईने लोकांना सांगितलं की यांना दम्याचा त्रास सुरू झालाय, ते दम्याचं मशीन आहे. विश्वास कुणीच ठेवला नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळात त्या यंत्राला ‘पिपाणी’ नाव पडलं. “काय साहेब, पिपाणी वाजवली का आज?” असं भर पार्किंगमध्ये विचारायचे आणि दाजीही हसायचे. ताई तेवढी हसायची नाही.

चार महिन्यांनी मी एका सकाळी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. दाजी ऑफिसला निघत होते, डेटा सेंटरमध्ये नोकरी. ड्राइव्हवेत गाडीच्या स्टीअरिंगवर ते आणि शेजारी ताई, घरच्या कपड्यांवर कोट चढवून. मी दार उघडेपर्यंत ती पुढे वाकून त्या नळीत फुंकत होती.

“ताई, हे काय चाललंय?”

“काही नाही रे. फुंकर घालते. रात्रीची उतरलेली नसते ना पूर्ण.”

“आणि रस्त्यात पुन्हा वाजतं तेव्हा?”

“म्हणून तर बरोबर जाते. यांना सोडते, गाडी घेऊन परत येते, संध्याकाळी आणायला जाते.”

मी म्हटलं, गाडी घेऊन परत येतेस, आणायला जातेस, मग जाताना तूच चालव ना. दाजी आरशात बघत म्हणाले, “ऑफिसच्या दारात बायकोच्या शेजारून उतरू? पोरं काय म्हणतील?” त्यांच्या टीममधली पोरं सगळी पंचविशीतली, नागपूर-पुण्याकडची. त्यांच्यासमोर इज्जत राहावी म्हणून माझी बहीण आपला श्वास देत होती. पर्समध्ये स्वच्छ लायसन्स होतं, एवढ्या वर्षांत वेगाचंसुद्धा तिकीट नाही. आणि ती शेजारच्या सीटवर बसून फुंकत होती.

मी संतापलो. पण कुणावर? ताईवर. बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायचं नाही, हे माझ्या हाडांत भरलेलं आहे. बाजारात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण दाजी बसले की मी उभा राहतो. तर मी ताईवर ओरडलो, हा गुन्हा आहे, दुसऱ्यासाठी फुंकणाऱ्यालाही शिक्षा आहे, तुला आत टाकतील. ती शांतपणे म्हणाली, “तू नाही का सँपल एका दगडाचं दाखवतोस आणि माल दुसऱ्याचा उतरवतोस?” दाजी मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू, आलं. आणि तो विषय तिथेच संपला.

पुढचं सगळं पोलिसांच्या कागदात आहे. यंत्राचा नववा महिना. रविवार सकाळ, एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण. दाजींनी नाश्त्याबरोबर संत्र्याच्या रसात घातलेली होती. घरून निघाल्यावर थोड्या वेळाने यंत्र वाजलं. असं वाजलं की काही मिनिटांची मुभा असते, गाडी बाजूला घेऊन थांबता येतं. त्यांनी थांबवली नाही. एका हाताने नळी ताईकडे धरली असावी असं पोलिसांना वाटतं, आणि ओल्या वळणावर गाडी रस्ता सोडून झाडाला गेली. आदळली ती ताईची बाजू. दाजींचा हात मोडला. डिटेक्टिव्हने मला सांगितलं की नळी तिच्या मुठीत होती, सोडवावी लागली.

तेराव्यानंतर बोलणी सुरू झाली. मंडळातले नानाकाका आले. वयाने मोठे, रिटायर्ड डॉक्टर, माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. म्हणाले, “सरकारी वकील तुझं म्हणणं लेखी मागणार. भाऊ आहेस. रस्ता ओला होता, एवढंच लिही. फुंकण्याचं कशाला काढतोस? गेलेल्या बाईला गुन्हेगार ठरवायचंय का तुला?”

हा त्यांचा हुकमी पत्ता, आणि तो चांगला आहे हे मला मान्य आहे. इथल्या कायद्यात दारू पिऊन गाडीने माणूस मारण्याच्या दोन पायऱ्या आहेत. साध्या पायरीला दहा वर्षांपर्यंत, आणि माणसाच्या जिवाची पर्वाच केली नाही असं सिद्ध झालं तर वीसपर्यंत, त्यातलं एक वर्ष तरी भोगावंच लागतं. यंत्राला फसवणं कागदावर पक्कं बसलं तर दुसरी पायरी. नाही बसलं तर ओला रस्ता, एक चूक, एक दुःखी नवरा. पण ते बसवायचं तर ताईचं नावही त्याच कागदावर. मी आठ दिवस झोपलो नाही. शेवटी तिच्या मुलीला विचारलं. गौरी ॲन आर्बरला पीएचडी करते. बराच वेळ फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत होता... मग म्हणाली, “मामा, डोन्ट प्रोटेक्ट हिम. आणि आईलापण नको. तिला आयुष्यभर सगळ्यांनी प्रोटेक्टच केलं, विचारलं कुणी नाही.”

मग मी दाजींकडे गेलो. जामिनावर घरीच आहेत. हात गळ्यात बांधलेला, सोफ्यावर ताईची शाल पांघरून बसलेले. बघून माझंच मन क्षणभर मऊ झालं. मी विचारलं, तुम्ही कोर्टात खरं सांगणार का?

“बापू, ती स्वतःहून फुंकायची रे. मी कधी मागितलं नाही. वकील म्हणतो हे सांगितलं तर फायदा होईल. तू फक्त दुजोरा दे. डील कर ना काहीतरी, तुझ्यासारखा नाही.”

मी उठलो. ही दुसरी फसवणूक. पहिल्यांदा तिचा श्वास घेतला, आता त्या श्वासाचा दोष तिच्यावर टाकायचा. इथून पुढे मी त्याला दाजी म्हणणार नाही, अहो-जाहोही करणार नाही. तो मान माझ्या बहिणीमुळे होता आणि ती आता नाही.

मागच्या आठवड्यात डिटेक्टिव्हने मला बोलावलं. ओळख पटवायची होती. त्या यंत्राला छोटा कॅमेरा असतो, फुंकणाऱ्याचा प्रत्येक वेळी फोटो काढतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बहुतेक ताईलाही नसावं, नाहीतर तिने केस नीट केले असते. त्याने एकेक फोटो स्क्रीनवर आणला. “इज धिस युवर सिस्टर?” हो. “अँड धिस?” हो. कोट चढवलेली, साडीतली, एकात डोक्याला फडका, हळद लागलेली बोटं. सगळ्यांत डोळे मिटलेले. तो म्हणाला की गाडी दोघं वापरत होते, त्यामुळे फोटोत बाई दिसली तर कुणाला वावगं वाटलं नसेल, यंत्र बसवणाऱ्या कंपनीचं हेच म्हणणं आहे.

मी म्हटलं, मागे जा. पुन्हा दाखव. पाटीतला तडा आणि रेघ ओळखण्यावर मी या देशात घर बांधलंय. मला दोन फोटोंत फरक दिसला. ताई एकटी परत येत असतानाच्या फोटोत सीटबेल्ट तिच्या डाव्या खांद्यावरून उतरतो, कारण ती चालवणाऱ्याच्या जागी आहे, जी या देशात डावीकडे असते. आणि सकाळच्या फोटोंत तो उजव्या खांद्यावरून येतो. शेजारच्या सीटचा पट्टा. बाई शेजारी बसून फुंकतेय, गाडी दुसराच चालवतोय. नऊ महिने, जवळजवळ रोज. डिटेक्टिव्हने खुर्ची पुढे ओढली, त्याने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून पाहिलं आणि लिहून घेतलं.

माझं निवेदन मी कालच दिलं आहे. त्यात ताईचं नाव आहे, तिने काय केलं ते आहे, माझं नाव आहे आणि मी काय पाहून हसलो तेही आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव केलेला नाही. आता माझे प्रश्न आहेत. दर महिन्याला ते यंत्र तपासायला नेलं जात होतं, फोटो उतरवून घेतले जात होते, पुढे कुठल्यातरी ऑफिसात पाठवले जात होते. ते कुणी उघडले? उघडले नसतील तर कोर्टाने ते कशासाठी काढायला लावले? उघडले असतील तर ज्या माणसाने माझ्या बहिणीच्या उजव्या खांद्यावरचा पट्टा पाहिला आणि पुढचा फोटो उघडला, त्याने कोर्टात उभं राहून आपलं नाव सांगावं. आणि तिच्या नवऱ्याने त्याच कोर्टात, तिच्या मुलीकडे बघत, एकच सांगावं. सत्यनारायणाला जाताना नळी तिच्या तोंडाशी कुणी धरली होती?