लुआमावशींची जाळीची वीट

व्हिएतनाममधल्या डा नांग शहरात नव्या इमारती भराभर चढत गेल्या, तसे लुआमावशींच्या गल्लीतले जाळीच्या विटांचे कारखाने एकेक करून बंद पडले. काचेची भिंत आणि आत एसी असल्यावर वारा येऊ देणारी वीट कोणाला हवी? शेवटी मावशींचाच कारखाना उरला. पंधराव्या वर्षी वडिलांकडून काम शिकल्या, आता वय एकसष्ट. लोखंडी साचे तेच आणि शिस्तही तीच. विटेतली प्रत्येक पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती, म्हणजे वारा येतो, पाऊस येत नाही. आणि सिमेंटची वीट पक्की व्हायला सात दिवस ओल्या गोणपाटाखाली. सहा नाही.

मग हरित इमारतींचे वारे आले. थुआन नावाच्या तरुण इंजिनिअरने सात मजली इमारतीची पश्चिमेची भिंत मावशींच्या विटांची करायचे ठरवले. मालक तुओंगसाहेबांना ते पटेना. "आधी एक मजला करा. जमलं तर ही इमारत आणि पुढच्या चार मावशींच्या. नाही तर काच." म्हणजे कारखान्याला कुलूप.

मजला तयार झाल्यावर जूनच्या उकाड्यात साहेब पाहणीला आले. थुआन उष्णता मोजायची यंत्रे मांडू लागला.

"ती राहू दे बाळा," मावशी म्हणाल्या. "साहेब, जेवलात?"

"अजून नाही."

"मग इथेच जेवा, आणि रोजच्यासारखे आडवे व्हा. पंख्याशिवाय झोप लागली तर माझी वीट खरी."

"मावशी, मला घरी एसी सोळावर लागतो! या भोकांच्या भिंतीशी मी कसला झोपतोय?"

"चार पोरं झोपवलीत मी. तुमचं काय घेऊन बसलात!"

गवंड्यांबरोबर साहेबांनी तिथल्या 'मी क्वांग' नावाच्या शेवयांचा वाडगा संपवला आणि चटईवर अंग टाकले. समुद्राकडून शिरलेला वारा जाळीतून पलीकडे निघून जात होता. दीड वाजता गवंडी उठून कामाला लागले. तीनला ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आले, जाळीची नक्षी फरशीवर उमटली. साहेब घोरतच होते.

साडेतीनला ते दचकून उठले. "अरे, मला उठवलं का नाही?"

"मोजायचं यंत्र घोरत होतं ना, साहेब," थुआन म्हणाला. गवंडी खो खो हसले.

साहेबही हसले. "मावशी, परवा विटांची गाडी पाठवा."

"परवा नाही. सात दिवस."



संध्याकाळी मावशींनी गल्लीतली बंद दारे एकेक करून ठोठावली. "साचे भंगारात घातले नाहीत ना? काढा बाहेर. पाच इमारती आहेत, एकटीला झेपणार नाहीत."