उतारावरचा गडी

उताराची जितकी जाण आमच्या थोरल्या साडूंना आहे, तितकी या पृथ्वीवर फक्त पाण्याला असावी. आणि आमच्या भागात पाण्याचा पत्ता नसतो, त्यामुळे हा मान बहुतेक वर्षी बिनविरोध साडूंकडेच जातो. माणसं नव्या घरी गेली की देव्हारा बघतात, टीव्ही बघतात, सुनेचं तोंड बघतात. साडू अंगण बघतात. हातातल्या तांब्यात उरलेलं घोटभर पाणी हळूच जमिनीवर ओततात आणि ते कुठल्या दिशेला निघालं ते मान कलती करून पाहत राहतात. नवख्यांना वाटतं, जेवणाआधीचा काही विधी असेल. एकदा एका यजमानीणबाईंनी तर भक्तिभावाने त्या ओघळाला हळदकुंकू वाहिलं होतं. मी एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन आहे. जमिनीची पातळी मोजायला आम्हाला दुर्बीण, तिपाई आणि एक कंटाळलेला माणूस लागतो. साडू पहिल्यांदा आमच्या कचेरीत आले, खुर्चीवर बसले, तोच म्हणाले, "पाव्हणं, तुमचं हापिस उगवतीला कललंय." सगळे हसले. दुपारी माझ्या टेबलावरची पेन्सिल गडगडत पूर्वेकडे निघाली, तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींचं गाव कन्नड रस्त्याच्या बाजूला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. दाजींच्या या उतारवेडाच्या मुळाशी एक ट्रॅक्टर आहे. तो मूळचा लाल. आता त्याचा रंग ऊन, माती आणि डिझेल यांनी आपसांत ठरवून दिलेला आहे. दाजी त्याला ट्रॅक्टर म्हणत नाहीत. 'गडी' म्हणतात, घरात राबणाऱ्या माणसाला म्हणावं तसं. गडी जेवला म्हणजे डिझेल भरलं. गड्याला सर्दी झाली म्हणजे नळीत हवा धरली. पाहुण्यांनी नुसतं "कसं काय?" विचारलं तर दाजी आधी गड्याची तब्येत सांगतात, मग गावची आणि सगळं उरकल्यावर स्वतःची, ती बहुतेक वेळा विसरूनच जातात.

एका दुष्काळी साली या गड्याचा सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला जागं करणारी मोटर. सिल्लोडचे एक मिस्त्री दाजींचे जुने दोस्त. ते येऊन सेल्फ खोलून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "दादा, आठ रोज में लाके देता. जबान है मेरी." त्या साली पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं टिकलं नाही. नांगरायलाच काही नसल्यावर ट्रॅक्टर दुरुस्त कोण करून घेणार? मिस्त्रींनी दुकान बंद केलं आणि बायकापोरांसह सुरतेकडे कामाला गेले. गड्याचा सेल्फही त्यांच्या सामानाबरोबर सुरतेला गेला. पुढे कुणाकडून तरी निरोप आला, पाऊस पडला की येतो. मग पाऊस पडला. दोनतीनदा चांगला पडला, पुन्हा रुसला, पुन्हा पडला. मिस्त्री आले नाहीत. दुसरा कुणीही असता तर त्याने दुसऱ्या आठवड्यात नवा सेल्फ आणून बसवला असता. मी तसं सुचवलंही. दाजी माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी त्यांना अक्कांना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, माहेरी धाडून दुसरी बायको करायला सांगितली होती. "म्या दुसरा बसवला आन् ते दारात येऊन हुभे ऱ्हायले," ते म्हणाले, "तर त्यांच्या हातातल्या सेल्फाचं काय करू? मानूस उशीर करतो पाव्हणं, जबान मोडत नाय."

तेव्हापासून गडी उतारावर झोपतो आणि उतारावर उठतो. दाजींच्या घरामागे मुरमाचं एक टेकाड आहे. संध्याकाळी गडी त्याच्या माथ्यावर, तोंड खाली करून उभा राहतो. चाकाखाली एक काळा दगड. सकाळी दाजी वर चढून बसतात, क्लच दाबतात आणि अक्का दगड काढतात. गडी खाली घरंगळतो, चाळीस पावलांवर दाजी क्लच सोडतात, एक हिसका बसतो, काळा धूर निघतो आणि गडी जागा होतो. इतक्या वर्षांत अक्कांनी हा दगड एकदाही चुकवलेला नाही. त्या म्हणतात, सात जन्मांच्या गाठीत हा दगड कुठून आला, ते भटजींना विचारायचं राहूनच गेलं.

एकदा हिवाळ्यात मी तिथे मुक्कामाला होतो. पहाटे दाजींनी मला उठवलं आणि मडगार्डवर बसवलं. गवतावर दव होतं, आणि दूर दौलताबादच्या किल्ल्याचा फक्त माथा धुक्याच्या वर तरंगत होता. अक्कांनी दगड काढला. मला वाटलं होतं आता खडखडाट होईल. काहीच झालं नाही. एवढं मोठं लोखंड, आवाज न करता, आपण होऊन चालायला लागलं. चाकांखाली मुरूम हलकेच चुरत होता, एवढंच. एक टिटवी ओरडत आमच्याबरोबर थोडी आली आणि मागे राहिली. दाजींचे डोळे अर्धे मिटलेले होते. मला वाटलं आपण ट्रॅक्टरवर नाही, कुठल्या तरी स्वप्नाच्या काठावर बसलो आहोत आणि ते हळूहळू खाली उतरतं आहे. हे संपू नये असं मला फार वाटलं. मग हिसका बसला, धूर झाला, दुनिया सुरू झाली. त्या दिवशी मला कळलं की मिस्त्रींची जबान हे दाजींचं खरंच कारण आहे, पण एकटंच नाही.

बाकीच्या जगाला मात्र या उतारापायी बराच त्रास झाला. दाजींच्या मुलीला पैठणकडचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर भरलेलं, माणसं गोड. दाजी जाऊन आले आणि नको म्हणाले. का, तर गाव सपाट. "मानसं सोन्यासारखी हायेत," ते हळहळून म्हणाले, "पर गडी लावायचा कुठं?" पुढच्याच महिन्यात घाटाच्या पायथ्याचं स्थळ आलं, ते त्यांनी मुलगा बघायच्या आधीच पसंत करून टाकलं. पोरगी सुखात आहे, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध बोलायला आम्हाला तोंड उरलेलं नाही. आमच्या वास्तुशांतीला दाजी ट्रॉलीत बावीस पाहुणे घालून आले. आमची कॉलनी ताटासारखी सपाट. दाजींनी चार गल्ल्या फिरून पाहिल्या, लष्कराच्या छावणीपर्यंत जाऊन आले, उतार मिळाला नाही. शेवटी गडी दारातच, चालू ठेवून उभा केला. चार तास. भटजी 'ओम्' म्हणत आणि बाहेरून 'धड धड धड' येई. अर्ध्या तासाने भटजींचे मंत्र त्याच ठेक्यावर पडायला लागले. पाहुणे पाळीपाळीने गड्याजवळ बसायला जात होते, जणू घरात कुणी आजारी आहे आणि त्याला एकटं सोडायचं नाही. शहराबद्दल दाजींचं मत एकूण वाईटच, पण उड्डाणपूल झाले तेव्हा ते मनापासून खूश झाले. इतके सुरेख उतार बांधून काढले आणि त्यावर थांबायला मात्र बंदी, हे त्यांना आजही समजलेलं नाही.

आणि मग शहरच त्यांच्याकडे यायला निघालं. आधी रस्त्याकडेला पाट्या आल्या, मग चुन्याच्या रेघा आल्या. शहराचं नाव बदललं, बसच्या पाट्या बदलल्या, आणि ज्वारीच्या रानांना 'नगर', 'विहार', 'पार्क' अशी नावं पडली. घरामागचं टेकाड दाजींच्या चुलतभावाच्या वाटणीचं. खडकाळ असल्यामुळे तिथे काही पिकत नव्हतं आणि गडी झोपतो याला कुणाची हरकत नव्हती. चुलतभावाने ते विकलं. दाजींनी त्याला दोष दिला नाही. लागोपाठच्या कोरड्या सालांनी माणूस थकतो, एवढंच म्हणाले. एके दिवशी त्या जमिनीचा नकाशा माझ्याच टेबलावर आला. कागदावरच्या वेड्यावाकड्या पातळीरेषा पाहताच मला टेकाड ओळखू आलं. झोपलेल्या ओळखीच्या माणसाचा चेहरा दिसावा तसं. साहेबांची सूचना साधी होती. सगळं बारा फूट कापून सपाट करायचं, त्यावर प्लॉट पाडायचे.

मी दोन दिवस तो कागद गुंडाळून ठेवला. सपाट झालं म्हणजे गडी पुन्हा उठणार नाही. नवा सेल्फ दाजी बसवणार नाहीत. गडी दारात उभा राहून गंजेल आणि दाजी त्याच्याकडे बघत बसतील, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की जेवण जाईना. शेवटी रविवारी नकाशा घेऊन गावी गेलो आणि अंगणात पसरला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मग त्यांनी विचारलं की कागदावर उतार कसा दाखवतात. मी रेषा समजावून सांगितल्या. त्यांनी तर्जनी माथ्यावर ठेवली आणि अगदी सावकाश खाली आणायला लागले. "हितं ही दगूड काढती," ते पुटपुटले. "हितं त्यो निघतो. हितं वारा लागतो तोंडाला. हितं क्लच." बोट थांबलं. "हितं उठला." आणि मग माझ्याकडे न बघता, "चाळीस पावलं हायेत, पाव्हणं. लई मोठी न्हाईत." अक्का दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

माझ्या नोकरीत मी एकच खोटं बोललो, ते दुसऱ्या दिवशी. कुठल्याही लेआउटमध्ये बागेसाठी थोडी जागा मोकळी सोडावी लागते. साहेबांनी ती कोपऱ्यात, नाल्याकडे टाकली होती. मी ती उचलून त्या चाळीस पावलांवर आणून ठेवली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'मूळ जमीन तशीच ठेवावी.' साहेबांनी चष्म्यावरून विचारलं, हे काय? मी म्हणालो, पाण्याचा नैसर्गिक निचरा. पाऊस नसलेल्या गावात निचऱ्याची एवढी काळजी करणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा, पण त्यांनी सही केली. टेकाड चारी बाजूंनी कापलं गेलं, पण तेवढी घसरण राहिली.

घरं झाली, माणसं राहायला आली. पहिल्या महिन्यात धुराबद्दल तक्रारी झाल्या, बागेत ट्रॅक्टर कशाला म्हणून दोनदा बैठक झाली. नंतरच्या उन्हाळ्यात कॉलनीची बोअर आटली. दाजींच्या जुन्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं. दाजींनी गड्याला टाकी जोडली आणि न बोलावता दारोदार पाणी नेऊन दिलं. एक दिवस गडी उताराच्या टोकाशी येऊनही उठला नाही. तेव्हा बरमुडा घातलेली, तोंडात ब्रश धरलेली सातआठ माणसं बाहेर आली आणि त्यांनी ढकलत त्याला उठवला. दाजींनी हे मला फोन करून सांगितलं. सेल्फ असता तर ही माणसं ओळखीची झालीच नसती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता दाजींचा डावा गुडघा गेला आहे. क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. गेलं वर्षभर गडी माथ्यावर तसाच उभा आहे, तोंड खाली, चाकाखाली दगड. दाजी रोज सकाळी काठी टेकत वर जातात, फडक्याने बॉनेट पुसतात, सीटवर बसतात. अक्का चहा तिथेच आणून देतात. दगडाला हात लावत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ते वरच बसले होते. ऊन उतरत होतं. खाली जिथे पूर्वी ज्वारी होती, तिथे गच्च्यांवरच्या टाक्या चमकत होत्या. आदल्या दिवशी एक भंगारवाला येऊन गेला म्हणे. बंद पडलेला ट्रॅक्टर द्यायचा आहे का, विचारत होता. दाजींना ते फार लागलं होतं. मी जपून विचारलं, की मग त्याला काय उत्तर दिलं.

"बंद म्हनला त्यो," दाजी म्हणाले. त्यांचा हात स्टिअरिंगवर होता. "सपाटीवर आसता तर म्या बी बंदच म्हनलो आसतो. उतारावर हाय तवर झोपलाय म्हनायचं."

आम्ही अंधार पडेपर्यंत तसेच बसलो, मी मडगार्डवर, ते सीटवर. मग मी त्यांना आधार देऊन खाली उतरवलं, काठी हातात दिली, आणि ते न्यायला आलेल्या अक्कांच्या मागोमाग घराकडे निघाल्यावर वाकून, चाकाखालचा दगड नीट बसला आहे ना, ते हाताने चाचपून पाहिलं.