खडी पुरवणारी

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसायचो. एकदा एक बाई नवऱ्यासोबत आली. तो जिल्हा परिषदेवर निवडून आलेला सभासद. सभासदाला सरकारी ठेका घेता येत नाही, म्हणून ठेका तिच्या नावावर. धंदा तिचा एकटीचा, नवऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असं प्रतिज्ञापत्र त्याला हवं होतं.

तो कोर्ट-फीचं तिकीट आणायला गेला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मग हळूच म्हणाली, "भाऊ, मी कसला धंदा करते, तेवढं सांगा की. उद्या सायबानं इचारलं तर?"

"रस्त्याची खडी पुरवता."

"खडी," ती पुटपुटली. "आन् खोटं निघालं तर धरत्यात कुणाला?"

"अंगठा देणाऱ्याला."

नवरा परत आला. तिचा पहिला ठसा फिसकटला. त्याने तिचं मनगट धरून पुन्हा उमटवला. मग माझ्याकडे पाहिलं; ओळख पटवणारा साक्षीदार लागायचा. 'या बाईंना मी ओळखतो' असं खाली लिहून मी सही केली.

तिचं नावही आता मला आठवत नाही. सही मात्र कुठल्यातरी फायलीत असेलच. दारात अनोळखी माणूस उभा राहिला की आजही माझा हात खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाशी जातो आणि ते बोटाला गुंडाळू लागतो.