खारट म्हटलेला गूळ

बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढेही हात जोडून नुसता उभा राहिलो. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. या गोष्टीचा मलाच इतका वैताग आलाय की आता ती पोटात ठेववत नाही.

मी मूळचा मारवाडातला. मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर बारामतीला आलो आणि इथलाच झालो. म्हणजे झालो का? इथले लोक मला बाहेरचा म्हणत आणि तिकडे गेलो की तिकडचे दखणी म्हणत. गावात माझी गुंठाभर जमीन नव्हती. होती ती फक्त जीभ. गुळाचा व्यापार करता करता ती अशी तयार झाली की ढेपेचा टवका तोंडात टाकला की ऊस गोड्या रानातला की खारवट रानातला, ते मी सांगायचो. शेठ बोलले म्हणजे झालं. बाजार समितीत माझ्या शब्दावर सौदे ठरायचे. बाहेरच्या माणसाला एवढा मान कुठं मिळतो?

आणि मग नव्वद सालच्या आसपास मला ताप आला. चांगला महिना काढला. उठलो तेव्हा जिभेला काहीच कळेना. गोड नाही, तिखट नाही, खारट नाही. एकदा बायको वरणात मीठ घालायला विसरली, मी मुकाट्यानं जेवलो, तर ती शेजारणीला म्हणाली, आजारानं यांचा स्वभाव निवळला. स्वभाव कसला निवळतोय!

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? दुसऱ्या कुणी सांगितलंही असतं. पण जीभ गेली तर मी कोण? मामाचं बोट धरून आलेला एक दुकानदार. म्हणून मी युक्ती काढली. माझा हमाल मारुती गुळाचा भारी खवय्या. मी टवका काढायचो, अर्धा त्याला द्यायचो, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकायचो आणि गुपचूप त्याचा चेहरा बघायचो. डोळे मिटले तर गोड. नाक मुरडलं तर खारट. त्या भोळ्या माणसाला वाटायचं, शेठ आपल्यावर माया करतात. लोकांना पण तेच वाटायचं. सगळे मिळून माझं कौतुक करत आणि मला स्वतःचाच राग येई.

एकदा मारुती गावच्या जत्रेला गेला. त्याच्या पाठीमागं मी एक माल गोड म्हणून पास केला आणि तो निघाला खारट. गुजरातचा खरेदीदार दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, शेठजी, जीभ म्हातारी झाली का? लोक हसले. मी पण हसलो.

आणि नेमकी त्याच दिवशी कोऱ्हाळ्याच्या तात्यांची गाडी आली. तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवा, दोघं मिळून गुऱ्हाळ चालवायचे. तात्या ऊस बघायचे आणि शिवा गुळव्या, म्हणजे काहिलीत रस शिजवून गूळ उतरवणारा तो. गुळाचा रंग जरा काळपट होता. मी टवका तोंडात टाकला. खरेदीदार माझ्याकडे बघत होता. मारुती नव्हता. पुन्हा गोड म्हणालो आणि पुन्हा खारट निघाला तर?

"खारट हाय," मी म्हणालो.

झालं. एवढंच केलं मी. एवढंच!

तात्यांनी ढेपेचा खडा तोडून तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले. मला वाटलं, आता भांडतील. भांडायला हवं होतं हो त्यांनी! स्वतःच्या तोंडात स्वतःचा गूळ असताना माणूस दुसऱ्याला कसा विचारतो? पण ते म्हणाले, "मला तर ग्वाडच लागतुया. पर शेठ म्हंत्यात म्हंजी असंल."

घरी जाऊन त्यांनी शिवाला धरलं. रस साफ करायला सोडा घालतात, तो तू जास्त घातलास, म्हणाले. शिवा म्हणाला, नेहमीएवढाच घातला. शब्दानं शब्द वाढला. दोन दिवसांनी मारुती जत्रेहून आला, दुकानात पडलेल्या त्याच ढेपेचा खडा त्यानं तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "लई ग्वाड हाय की, शेठ. कुणाचा?"

तेव्हा तरी मी उठून कोऱ्हाळ्याला जायचं की नाही? एसटी दारातून जात होती. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत बसलो, आणि उसाचा हंगाम संपायच्या आत दोघा भावांनी वाटणी करायचं ठरवलं.

आता पुढचं सांगायचं म्हणजे तोंड भाजतं. वाटणीला मध्यस्थ कोण? तर मी! शेठ ना आमच्या भावकीतले, ना सोयऱ्यांतले, शेठ सरळ बोलतील, असं दोघंही म्हणाले. आणि मी जाऊन बसलो. पांढरं धोतर नेसून. रान वाटलं, बैल वाटले. काहील राहिली, तिचे काही दोन तुकडे होत नाहीत. मी ती थोरल्याला दिली. तात्यांना तिच्यात रस उकळता येत नव्हता आणि ज्याला येत होता तो रिकाम्या हातानं उठला. पुढं तात्यांनी ती गोठ्यात उपडी टाकली आणि ऊस कारखान्याला घालायला लागले. खारट गूळ उतरवतो असा बोभाटा झाल्यावर शिवाला गुळव्या म्हणून कुणी बोलवेना. तो इंदापूरकडं कुणाच्यातरी डाळिंबाच्या बागेत कामाला लागला. भाऊ भावाशी बोलला नाही.

तात्या गेले तेव्हाही मी दहाव्याला पुढच्या रांगेत होतो. लोकांनी जागा करून दिली.

त्यानंतर शिवा दुकानात आला. केस पांढरे झालेले. चहाला नको म्हणाला. उभ्या उभ्याच विचारलं, "शेठ, एकच सांगा. दादा तर ग्येला. त्यो गूळ खरंच खारट हुता का?"

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मारुतीनं सुद्धा कधीच काम सोडलं होतं. मला कुणाची भीती नव्हती, गमवायला काही उरलं नव्हतं, आणि समोरचा माणूस उत्तरासाठी इंदापुराहून आला होता.

"थोडा होता," मी म्हणालो.

शिवानं मान हलवली. "मंग दादाचंच खरं. म्या उगाच त्याच्यावर राग धरून बसलो. मयताला बी आलो न्हाय." त्याचे डोळे भरून आले. मग तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागं घेतले नाहीत.